रुजू होण्याआधी रुजायला हवं

हिंगोलीहून रत्नागिरी सहाशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. आमच्या जिल्ह्यातून डीएड करून शिक्षणसेवक म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर गेलेल्या अनेकांपैकी मी एक. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा आणि यादीत नाव जिथे लागेल तिथे ट्रंक उचलून निघायचं, ही आमची रीत. निघणाऱ्याला घरची जाणती माणसं 'परमुलखात चाललास' म्हणतात, आणि त्यात अडाणीपणा काही नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि रत्नागिरी मुंबई इलाख्यात. आमच्याकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार रुपया. आमच्या कचेऱ्यांत उर्दू, तिकडच्या कचेऱ्यांत मराठी आणि इंग्रजी. दोन्ही भाग एका राज्यात आले ते 1956 साली, आणि महाराष्ट्र झाला 1960 ला. राज्य एक झालं म्हणजे मुलूखही एक झाला, असं सरकारी आदेश काढणारे धरून चालतात. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला तास घेण्याआधी त्या समुद्रकाठच्या गावात रुळण्यात जे दिवस जातात, त्यांना खोली शोधण्याचे किरकोळ दिवस समजू नये. शिक्षकाच्या तयारीचा तो एक मोठा भाग आहे, आणि तोच आपण कुणाला धड करू देत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मराठीच शिकवायची, पुस्तक बालभारतीचं एकच, मग रुळायचं काय? बोलीपासूनच सुरुवात करू. हिंगोलीचा माणूस सहज विचारतो, 'काय करायलास?' आमच्या कानाला हा पूर्ण प्रश्न आहे. कोकणातल्या मुलाच्या कानाला 'करायला' म्हणजे 'करण्यासाठी'. ते पोर पुढच्या शब्दाची वाट पाहत उभं राहतं आणि नव्या गुरुजींना वाटतं, याला उत्तर येत नाही. आमच्याकडे 'रानात गेला' म्हणजे शेतात कामाला गेला. तिकडे रान म्हणजे जंगल. आमच्याकडे पाऊस पडला की तिफण निघते आणि पेरणी होते. तिकडे आधी तरवा (भाताची रोपं) काढायचा, मग चिखल केलेल्या खाचरात लावणी करायची. 'शेतकरी पेरणी करतो' हे वाक्य दोन्हीकडच्या मुलांना वाचता येतं, पण डोळ्यांपुढे उभं राहणारं चित्र वेगळं असतं. सिंधुदुर्गात उतरलं तर 'खंय' (कुठे) आणि 'कित्याक' (कशाला) कानावर पडतात, तेव्हा मुलाआधी शिक्षकालाच दुभाषा लागतो. पुस्तक एक असलं म्हणून वर्ग एक होत नाही. शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडावं, असं 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं सांगितलं खरं. पण ते बाहेरचं जगणं शिक्षकानं पाहिलेलंच नसेल, तर त्यानं जोडायचं कशाला कशाशी?

बोली महिन्या-दोन महिन्यांत कानात बसते. गावाचं वेळापत्रक त्याहून अवघड. आमच्या कयाधूला पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात वाळू, एवढं कळलं तरी पुरतं. खाडीकाठचं घड्याळ वेगळं चालतं. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे मंद भरती. मच्छीमारांच्या वस्तीत माणसं कधी बाहेर जातात आणि कधी परततात हे त्यावर ठरतं, आणि घरातलं पोर शाळेत कधी पेंगतं तेही. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे शाळा उघडतात त्याच दिवसांत अशा घरांची आवक आटलेली असते. डोंगराकडच्या वाड्यांची गोष्ट आणखी निराळी. जूनच्या मध्यावर शाळेची घंटा होते आणि त्याच सुमाराला पऱ्ये, म्हणजे ओढे, भरून वाहू लागतात. कुठला साकव किती पावसात पाण्याखाली जातो आणि त्याच्या पलीकडच्या वाडीतून किती मुलं येतात, हे ज्याला ठाऊक नाही तो हजेरीपटावर निमूट 'गैरहजर' लिहितो आणि पालकांना बेफिकीर ठरवतो. ज्याला ठाऊक आहे तो हजेरीपटाकडे हवामानाच्या नोंदीसारखा पाहतो आणि राहिलेला पाठ कोरड्या दिवशी पुन्हा घेतो. हे पाठ टाचणाच्या वहीत सापडत नाही. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर चार सकाळी उभं राहून आणि वस्तीच्या एसटीनं शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन ते कळतं.

शरीरालाही वेळ लागतो, आणि हे बोलायला आम्ही उगीच लाजतो. हजार मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या मुलखातला माणूस तीन हजारांच्या वर पडणाऱ्या पावसात जातो. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, प्रमाणपत्रांवर बुरशी धरते, घरून नेलेल्या ज्वारीला महिनाभरात किडे लागतात. माळवदाखाली वाढलेल्याला कौलांवरच्या पावसाच्या आवाजात झोप लागायला काही रात्री जातात. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांची जागा भात, आमसूल आणि मासळी घेतात. माळकरी घरातून आलेल्याचा प्रश्न तर याहून नाजूक. त्यात खिसा हलका. शिक्षणसेवकाचं मानधन 2023 पासून प्राथमिकला महिना सोळा हजार झालं. त्याआधी ते बरीच वर्षं सहा हजार होतं. एवढ्यात खोलीचं भाडं, खानावळ आणि दिवाळीला गावी जाणं बसवायचं. हे सगळं एकीकडे चालू असताना दुसरीकडे पहिलीच्या मुलाला अक्षर ओळखायला शिकवायचं असतं. निजलेला, खाल्लेला, थोडा स्थिरावलेला माणूस हे काम बरं करतो, एवढी साधी गोष्ट आहे.

आता खरा कठीण आक्षेप. कोकणातले डीएड झालेले तरुण म्हणतात की बाहेरच्या जिल्ह्यांतले उमेदवार इथे नोकरी धरतात, पुढे आंतरजिल्हा बदली घेऊन गावी परततात आणि आमच्या शाळा पुन्हा ओस पडतात; अशा पाहुण्यांना रुळवण्यात वेळ कशाला घालवायचा? या तक्रारीत तथ्य आहे, आणि मराठवाड्यातल्या आम्ही ते आधी कबूल केलं पाहिजे. घरी म्हातारे आईबाप आणि चार एकर हळद असली की ओढ कुठे लागते, हे सांगायला नको. स्थानिकांना प्राधान्य किती द्यावं हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो धोरणानंच सोडवावा. पण तो सुटेपर्यंत वर्गात बसलेल्या मुलाचं काय? शिक्षक तीन वर्षं राहणार असो की तेरा, त्या मुलाची दुसरी-तिसरी इयत्ता एकदाच येते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पटाच्या शाळेला शिक्षक दोनच. त्यांतला एक परका आणि बावरलेला असेल तर अर्धी शाळाच बावरलेली. शिवाय सोडून जाण्याच्या घाईमागे परकेपणाही असतो. गावानं ज्याला पहिल्या महिन्यात ओसरीवर बसवलं, तो बदलीचा अर्ज जरा उशिरा भरतो.

काहीजण उलट बाजूनं म्हणतात की शिक्षकानं गावासारखं कशाला व्हायचं? मुलांना बाहेरचं जग दाखवायला बाहेरचाच माणूस बरा. मीही तेच म्हणतो. पण आणलेलं देता यायला आधी घेणाऱ्याची ओंजळ ओळखावी लागते. याचा दाखला खुद्द कोकणानं दिला आहे. दापोली तालुक्यातल्या पालगडला जन्मलेले साने गुरुजी 1924 ते 1930 खानदेशात अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. त्याआधी ते तिथल्याच तत्त्वज्ञान मंदिरात राहिले होते, आणि शिक्षक झाल्यावर त्यांनी छात्रालयही सांभाळलं. समुद्राकडचा माणूस कापसाच्या मुलखात गुरुजी झाला, तो तासांपुरता वर्गात जाऊन नव्हे. आणि आमच्या जिल्ह्याचं म्हणाल, तर नरसीचे नामदेव पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत, आणि ती आपल्या अभंगांच्या मराठीत नाहीत. उत्तरेच्या लोकांना कळेल अशा भाषेत आहेत. नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही, भाषा मात्र ऐकणाऱ्याची घेतली. परमुलखात जाणाऱ्या हिंगोलीच्या शिक्षकाला याहून मोठा धडा कोणता देणार?

मग करायचं काय? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) 2014 च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं आणि छात्राध्यापकाच्या वाट्याला वीस आठवड्यांचा शाळेचा अनुभव आला. डीएडलाही आंतरवासिता आहे. पण हे सराव पाठ बहुधा कॉलेजच्या आसपासच्या शाळांत, म्हणजे आपल्याच बोलीच्या मुलांपुढे होतात, आणि नोकरी लागते समुद्राकाठी. तेव्हा निदान परजिल्ह्यातून येणाऱ्याला रुजू झाल्याच्या तारखेपासून पंधरा दिवस वर्गाची जबाबदारी न देता, पूर्ण मानधनावर, गाव समजून घ्यायला द्यावेत. शक्य तर ते मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी. सोबतीला तिथला एखादा जुना शिक्षक असावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात; वाडीवाडीची ओळख करून द्यायला त्यांच्याहून योग्य कोण? शिक्षकही त्या दिवसांत शंभर स्थानिक शब्द वहीत उतरवून घेईल. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं पद लागत नाही. तीन वर्षांच्या शिक्षणसेवकपदातला हा एक पंधरवडा आहे. आणि शासन देत नाही तोवर, यादीत नाव लागलेल्या माझ्या जिल्ह्यातल्या मुलामुलींनो, आदेशातल्या शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. चार दिवस आधी निघा. खोली शाळेजवळ घ्या, आणि पहिल्या दिवशी मुलांना काही शिकवण्याआधी भरती किती वाजता आहे ते त्यांना विचारा.