न्यायमूर्तींची करंगळी

मिनियापोलिसला मुलाकडे गेलो की नातीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे असतं. (परदेशात आजोबांचा याहून अधिक उपयोग अद्याप कुणाला सापडलेला नाही.) शाळेचं नाव 'जस्टिस पेज मिडल स्कूल'. रानडे, तेलंग ही नावं ऐकत वाढलेला मी. न्यायमूर्तींच्या नावाची पाटी दिसताच मनातल्या मनात हात जोडले. घरी येऊन चिरंजीवांना म्हटलं,

"पेजसाहेब मोठे व्यासंगी गृहस्थ असणार!"

"हो ना," तो म्हणाला, "पंधरा वर्षं माणसं आडवी करत होते."

मग त्यानं मला त्यांचा फुटबॉल समजावला. या फुटबॉलात पायांचं काम मुख्यतः पळायचं. चेंडू हातात असतो आणि तो गोलही नसतो, सोललेल्या नारळासारखा असतो. क्वार्टरबॅक नावाचा एक इसम हा नारळ कुणाकडे फेकावा याचा विचार करत उभा राहतो. त्याचा विचार पुरा होण्याच्या आत त्याला भुईसपाट करायचं, हे बचावफळीचं काम. ॲलन पेज हे त्या कामातले पट्टीचे. 1967 साली ते मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात आले. त्यांच्या फळीला लोक 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणत, म्हणजे जांभळ्या कपड्यांतले नरभक्षक! ओळीनं 218 सामने हा माणूस एकदाही गैरहजर नाही. मी नोकरीत असताना नुसत्या सर्दीवर किती रजा काढल्या, ते सांगत नाही.

1971 साली त्यांना वर्षातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवलं. हा मान तोवर चेंडू फेकणाऱ्यांना नाहीतर घेऊन पळणाऱ्यांना मिळे. बचाव करणाऱ्याला तो पहिल्यांदाच मिळाला. लग्नात नवरदेवाला बाजूला सारून आचाऱ्याला हार घालावा, तसं. आणि एवढं होऊन चार वेळा अंतिम सामन्यात उतरले ते चारही वेळा हरले. हे ऐकल्यावर मात्र ते मला एकदम आपले वाटू लागले.

"आणि बाबा," मुलगा जरा थांबून म्हणाला, "खेळता खेळताच ते वकील झाले. 1978 साली, मिनेसोटा विद्यापीठातून."

ते 'खेळता खेळताच' मला उद्देशून होतं. तो दहावीत असताना मी त्याची बॅट माळ्यावर टाकली होती. 'एक काय ते ठरव, खेळ की अभ्यास!' असंही म्हणालो होतो. वाक्य माझं नव्हे, माझ्या वडिलांचं. आमच्या घरात ते दागिन्यांसारखं पिढीजात चालत आलंय. दागिने असे कधी नव्हतेच.

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "मग पुढं काय झालं?"

पुढं पेजसाहेबांना लांब पळायचा नाद लागला, वजन उतरलं. त्याच वर्षी 'गडी हलका झाला' म्हणून व्हायकिंग्जनी त्यांना सोडलं. शिकागोच्या बेअर्सनी घेतलं, तिथं ते 1981 पर्यंत खेळले. मधेच 1979 साली पूर्ण मॅरेथॉनही धावून आले. 1992 साली मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून गेले. तिथले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. सत्तरी गाठल्यावर, 2015 साली, नियमाप्रमाणे निवृत्त. दोन वर्षांनी शाळेला त्यांचं नाव लागलं, तेही मुलांनी मागणी लावून धरली म्हणून.

पण मला धरून ठेवलं ते 1988 सालच्या गोष्टीनं. त्यांच्या जन्मगावी, कँटनला, फुटबॉलमधल्या थोरांचं एक स्मारक-दालन आहे. पोरवयात त्यांनी त्या इमारतीच्या बांधकामावर मजुरी केली होती. आता तिथंच त्यांचा सन्मान. अशा वेळी खेळाडू आपल्या प्रशिक्षकाला वगैरे व्यासपीठावर बोलावतात. यांनी बोलावलं एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना! आणि भाषणात पराक्रम सांगायचे सोडून सांगितलं काय, तर आपल्या संघातल्या काही गड्यांना डावपेचांची वही वाचता येत नव्हती. शाळा-कॉलेजातून वर्षानुवर्षं त्यांना खेळवलं, पुढच्या वर्गात ढकललं. वाचायला कुणी शिकवलंच नाही. त्याच वर्षी त्यांनी शिष्यवृत्त्यांसाठी संस्था काढली. अट एकच: पैसे घेणाऱ्यानं लहान मुलांना शिकवायला जायचं.

मी गप्प बसलो. आमच्याकडे खेळ हिरावून घेतात, तिथं पुस्तक. ढकलणारे दोन्हीकडे आमच्यासारखेच, पोराचं भलं करायला निघालेले.

तेवढ्यात नात पुस्तक घेऊन आली. खेळताना पेजसाहेबांची करंगळी मोडून कायमची काटकोनात वाकलीय; त्या करंगळीवर त्यांनी आपल्या लेकीबरोबर मुलांसाठी चक्क पुस्तक लिहिलंय. नातीनं माझ्या करंगळ्या तपासल्या. दोन्ही सरळ निघाल्या.

"आबा, तुम्ही काही खेळलाच नाहीत?"

मुलगा खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत होता. तिकडंच बघत म्हणाला,

"बाबा, ती बॅट अजून माळ्यावर असेल का हो?"

"नाही रे," मी म्हटलं, "तुझ्या आईनं ती गोधड्या धोपटायला काढली होती. मोडेपर्यंत वापरली."

"मग चालली म्हणायची बरीच वर्षं," तो म्हणाला, आणि चहा टाकायला उठला.