डोलकाठीवरचा शेजार

हर्णैच्या किनाऱ्यावर लिलावास जमणारी मंडळी मासळी पाहतात, पाहुणे असल्यास समोरचा सुवर्णदुर्ग पाहतात. होडीवरच्या त्या पांढऱ्या, दोन हात लांबीच्या काठीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. आमच्या लहानपणीं रेडिओच्या अशा साधनास एरियल म्हणत. आतां सर्वत्र अँटेना म्हणतात.

आमचा एक माजी विद्यार्थी तेथें मासेमारी करतो. त्यानें नवी फायबरची होडी घेतली, तेव्हां बिनतारी यंत्राचा अँटेना कोठें बसवावा याविषयीं त्याचें व तांडेलाचें एकमत होईना. आणि आम्ही पदार्थविज्ञान शिकवितों एवढ्याच अपराधाबद्दल आम्हांस पंच नेमण्यांत आलें. तांडेलाच्या मतें केबिनीचें छप्पर पुरेसें होतें. लांकडी डोलकाठीच्या टोंकावर देवीचें निशाण. तेथें दुसऱ्या कोणाची वस्ती नको.

हा वाद हंसण्यावारी नेण्यासारखा खास नव्हता. या यंत्राच्या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात आणि समुद्राची पाठ तर कमानदार. अँटेना पाण्यापासून ३ मीटरांवर असेल, तर तशाच दुसऱ्या होडीशीं फार तर १४ किलोमीटरपर्यंत बोलतां येईल. दोहोंकडे ९ मीटर उंची असेल तर सुमारें २५. मधल्या ११ किलोमीटरांत इंजिन बंद पडलेली होडी असूं शकते, हें तांडेलास आम्हीं सांगावयास नकोच होतें. पोलादी जहाजाचें अंगच आंखूड अँटेनाला पायाचें काम देतें. फायबर तें देत नाहीं. म्हणून १५६.८ मेगाहर्ट्झच्या संकटवाहिनीसाठीं अर्ध्या तरंगाएवढा, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांबीचा, स्वयंपूर्ण अँटेना घेतला. उंचीबरोबर तार लांबते व लांब तार शक्ति खाते, याकरितां ती जाड निवडली.

"सर, निशाण मात्र वरच राहील," तांडेल म्हणाला. राहिलें. टोंकाच्या जरा खालीं बाहेर काढलेल्या कंसावर अँटेना बसला. विज्ञानाचें त्यांत फारसें कांहीं गेलें नाहीं.

खारें पाणी जोडांत शिरलें कीं तांबें हिरवें पडतें, एवढें आम्हीं बजावलें होतें. रबरी पट्टी गुंडाळण्यास तांडेल स्वतःच वर चढला. तीन वेढे झाल्यावर खालून विद्यार्थी "पुरे" म्हणाला. त्यानें चौथाही घेतला.