पहिल्याच बाणासाठी

वाघोली, केसनंद, खराडी या पट्ट्यातली तरुण मंडळी माझ्याकडे धनुर्विद्या शिकायला येतात. बरेच जण परदेशी व्हिडिओ पाहून आलेले असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शिकारीसाठी कुठलं धनुष्य घ्यावं? उत्तराचा अर्धा भाग मी तिथल्या तिथे देते. आपल्या देशात अशी शिकार गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. हा कायदा मला मनापासून मान्य आहे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला मीही जाते, पण हातात दुर्बीण घेऊन.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी मात्र मी त्यांना बसवून घेते, कारण शिकाऱ्याचं सामान हीच पारंपरिक धनुष्याची खरी कसोटी आहे. मैदानावरच्या खेळाडूला सरावाचे बाण मिळतात, अंतर आधी ठाऊक असतं, एक बाण हुकला तर पुढच्यात भरपाई होते. शिकाऱ्याला पहिलाच बाण मिळायचा. अंतर नजरेने जोखायचं, शरीर गरम झालेलं नसायचं आणि धनुष्य रात्रभर दवात राहिलेलं असायचं. अशा वेळी साथ देणारं धनुष्य आणि बाण निवडणं, आणि वर्षानुवर्षं ते तसेच टिकवणं, ही एक स्वतंत्र विद्या आहे. फोमच्या प्राण्यांवर नेम धरण्याच्या ज्या थ्रीडी स्पर्धा जगभर होतात, त्यांत ती जिवंत आहे. त्यांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००३ पासून सुरू आहेत. तिथे लाँगबो गटात आजही लाकडी बाण आणि खरी पिसंच चालतात.

महाराष्ट्रात तिरंदाजी म्हटलं की आता साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे आठवतात. २०२३ मध्ये बर्लिनला दोघं एकाच दिवशी जगज्जेते झाले, आणि ते व्हावेत इतकी मेहनत त्यांनी केली होती. पण त्यांचं कंपाउंड धनुष्य चाकांचं आणि दुर्बिणीचं. माझा विषय त्याच्या कितीतरी आधीचा आहे. सातपुड्यातल्या भिल्लांची कामठी, म्हणजे त्यांचं धनुष्य, बांबूची असते आणि तिची दोरीही बांबूच्याच सालीच्या पट्टीची. दोरी तुटली तर दुसरी रानातच करता येते. हातातली वस्तू जिथे बिघडेल तिथेच दुरुस्त होणं, याला मी सामान निवडताना फार मोठे गुण देते. आपल्याकडच्या इंडियन राउंड स्पर्धा ३० आणि ५० मीटरवर बांबूच्याच धनुष्याने होतात. रिकर्व्ह प्रकारच्या धनुष्याचा लाखांतला खर्च न झेपणाऱ्या किती मुलांना या धनुष्याने खेळात आणलं आहे!

निवडीची सुरुवात ताकदीपासून, म्हणजे धनुष्य खेचायला लागणाऱ्या जोरापासून होते, आणि बहुतेकांची गाडी इथेच चुकते. अमेरिकेतल्या काही राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी धनुष्य किमान ४० पाउंडांचं लागतं. हा आकडा डोक्यात बसलेला असतो, म्हणून हौशी माणूस पहिलंच धनुष्य ४५ किंवा ५० पाउंडांचं मागवतो. मग ते खेचताना खांदा कानापर्यंत येतो, पाठ वाकते आणि महिन्याभरात दंड दुखायला लागतो. धडधाकट प्रौढानेही २० ते २५ पाउंडांपासूनच सुरुवात करावी, असं मी ठामपणे सांगते. धनुष्यावर छापलेला आकडा २८ इंच खेचल्यावरचा असतो. ज्याची खेच २६ इंचच भरते, त्याच्या हातात ४० पाउंडांचं धनुष्य साधारण ३५ पाउंडांचंच राहतं. माझी परीक्षा सोपी आहे : पूर्ण खेचून, न थरथरता, मनात दहा आकडे मोजता आले पाहिजेत. शिकाऱ्याला तर जनावर वळेपर्यंत त्याहून जास्त थांबावं लागे.

आता बांबू. आपल्याकडे धनुष्याला सर्वांत चांगला मानवेल, कारण तो जवळजवळ भरीव असतो. पोकळ कळकाची भिंत त्यामानाने पातळ. काठी तीन वर्षांची तरी झालेली हवी, आणि ती पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेली हवी. त्या दिवसांत बांबूत पिठूळ अंश कमी असतो आणि भुंगा कमी लागतो. सावलीत महिनोन्‌महिने वाळवायची, घाई करून उन्हात टाकायची नाही. बांबूचा सगळ्यात चिवट धागा सालीलगत असतो. म्हणून धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते, म्हणजे जिच्यावर ताण येतो, तिकडे साल ठेवायची आणि तिला हत्यार लावायचं नाही. पेरावरचा उंचवटाही तासून सपाट करायचा नाही, कारण धागा तुटला की धनुष्य नेमकं तिथेच मोडतं. कारागिराचं काम तपासायचं तर हीच जागा आधी बघावी.

पूर्वी जंगलातल्या बांबूवर गावाचा हक्क नव्हता. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार मिळाला. २०१७च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या लेखी झाड राहिला नाही, आणि शेतकऱ्याच्या बांधावरची काठी विकत घेणं सोपं झालं. धनुष्य करणाऱ्यांना हे दोन्ही बदल फार मोलाचे आहेत.

तयार धनुष्य घेताना दोरी चढवून ते भिंतीसमोर धरायला सांगा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. दोन्ही भुजा सारख्या गोलाईने वाकल्या पाहिजेत, खालची किंचित ताठ असली तरी चालते. एखादी भुजा एकाच जागी कोपरासारखी मोडत असेल तर ते धनुष्य परत करा. आतल्या बाजूला नखाएवढ्या आडव्या चुण्या दिसल्या तरीही नको. दाबाखाली तिथलं लाकूड चुरगळलेलं असतं.

धनुष्यावर पैसे उधळून बाण स्वस्तातले घेणारे मला रोज भेटतात. मी उलटा सल्ला देते. बाण सुटताना सरळ जात नाही, तो धनुष्याच्या मुठीला वळसा घालत लवतो आणि पुढे सावरतो. ती लवचीकता धनुष्याच्या ताकदीशी जुळली नाही तर कितीही नेम धरा, बाण डावी-उजवीकडेच जाणार. वजनही बघायचं. शिकारी परंपरेत पाउंडामागे साधारण १० ग्रेनचा बाण धरतात, म्हणजे ४० पाउंडांच्या धनुष्याला ४०० ग्रेनचा, सुमारे २६ ग्रॅमचा. जड बाण जास्त शक्ती शोषतो, आवाज कमी करतो आणि धनुष्याचं आयुष्य वाढवतो. फार हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडणं, आणि रिकामी दोरी सोडल्याने लाकडी धनुष्य एका फटक्यात फुटू शकतं. पिसं एका बाणावर एकाच पंखाची हवीत, तीनही डावी किंवा तीनही उजवी. जुन्या ग्रंथांत गिधाडाच्या पिसांचे बाण येतात. आज गिधाड आणि मोर दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे, आणि टर्कीची पिसं उत्तम काम देतात. पात्याचा फाळ तर मी कुणाला लावूच देत नाही. तो मारतो रक्तस्रावाने, आणि नेम थोडा चुकला की जनावर हालहाल होऊन मरतं. ब्रिटनने धनुष्याने शिकार बंद केली आहे, आणि मला त्यात शहाणपण दिसतं.

आमची वाघोली खाणींची. वीतभर मातीखाली काळा पाषाण, त्यामुळे हुकलेला बाण दगडावरच आपटतो. असा प्रत्येक बाण पुन्हा लावण्याआधी कानाशी धरून हलकेच वाकवायचा. करकर ऐकू आली की तो तिथेच मोडून टाकायचा, कारण तडा गेलेला बाण सुटताना तुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. हा नियम माझ्याकडे कुणासाठीही सैल होत नाही.

देखभालीतला मोठा शत्रू हवा. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठच्या लढाईत पुरू राजाचे धनुर्धर धनुष्याचं एक टोक जमिनीवर टेकवून बाण सोडत, आणि पावसाने निसरड्या झालेल्या जमिनीवर ते त्यांना जमेना, असं रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो. पुढे शिंग, स्नायू आणि सरसाच्या कमानी आल्या. त्या बांबूहून कितीतरी जोरदार, पण दमट हवेत सरस मऊ पडे. पोलादी कमानी भारतात घडल्या त्यामागे आपला हा पावसाळाही होता. आमच्या गावात जुलैत भिंतीला ओल येते आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. लाकूड दोन्हीने थकतं. म्हणून काम संपलं की दोरी उतरवायची आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ मध्ये उजेडात आला. डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. उभं ठेवलेलं धनुष्य काम करत राहतं, घामेजतं आणि दुबळं होतं, असं इशी मानत असे. कोपऱ्यात टेकवलेल्या धनुष्याची खालची भुजा खरोखरच वाकडी होते. उन्हाळ्यात ते गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नये. नगर रोडच्या कोंडीत तासभर तापलेल्या डिकीने चिकटवलेल्या पट्ट्या सुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

दोरी डॅक्रॉनचीच घ्या. न ताणणाऱ्या नव्या दोऱ्या बांबूच्या टोकाची खाच कापतात. आठवड्यातून एकदा मेण चोळून बोटांनी गरम होईपर्यंत घासायचं. दोरी चढवताना ती मुठीपासून किती लांब राहावी, हे जुने लोक मूठ वळून अंगठा ताठ करून मोजत, साडेसहा-सात इंच. माझीही मुलं तसंच मोजतात.

वर्षाची मोठी तपासणी खंडेनवमीला. पूजा जरूर करावी, पण ओलं हळदकुंकू दोरीवर आणि खाचेत लावू नये, मुठीवर लावावं. आधी कापसाचा बोळा दोन्ही भुजांवरून फिरवायचा. कुठे तंतू अडकला तर तिथे उचललेली चीर आहे. चीर नसेल तर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, दोन दिवस वाळू द्यायचं, मग दोरी चढवून विसेक वेळा अर्ध्यापर्यंतच खेचायचं आणि हलकेच परत आणायचं. लाकूड जागं झालं की पूर्ण खेच. चीर सापडली तर गोंद भरून, वर दोरा गुंडाळून अजून एक मोसम काढू द्या, असं विनवणारे असतात. मी नाही म्हणते, धनुष्य आजोबांचं असलं तरी. पूर्ण खेचलेलं धनुष्य तुटतं तेव्हा त्याचे तुकडे खेचणाऱ्याच्या तोंडासमोरच उडतात.