आधी आजाराचे नाव

आमच्या भाईजानांना वुजू करताना प्रथम जाणवले, की डाव्या नाकपुडीत पाणी वर चढतच नाही. पुढे त्याच बाजूने अधूनमधून रक्त येऊ लागले. अत्तराचा वासही मंदावला. साधी सर्दी काही दिवसांत ओसरते. ही तक्रार एकाच बाजूची आणि महिनोन्महिन्यांची. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिले, स्कॅन केले. नाकात अगदी वरच्या बाजूला गाठ होती. तिचा तुकडा तपासायला गेला.

पहिला रिपोर्ट आला: लहान, गोल पेशींची गाठ, पुढील तपासण्या कराव्यात. घरात नातेवाइकांची गर्दी झाली. कुणी म्हणे, कॅन्सर आहे ना, मग थांबता कशाला, केमो सुरू करा. कुणी म्हणे, उद्याच ऑपरेशन करा. आम्हा भावंडांचा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हा पॅथॉलॉजीच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून सगळे समजावले.

तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याचे केसाहून पातळ काप काचपट्टीवर घेऊन रंगवतात. या रंगात पेशीचे केंद्रक निळे दिसते. या गाठीच्या पेशीत केंद्रकच जास्त, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सगळे निळेच निळे. पण नाकातला लिम्फोमा, स्नायूपेशींचा कॅन्सर आणि आणखी काही गाठीही अशाच दिसू शकतात. इलाज मात्र वेगवेगळे. लिम्फोमात भर औषधांवर आणि किरणोपचारावर असतो, तर दुसऱ्या एखाद्या गाठीत आधी शस्त्रक्रिया लागते. नाव चुकले तर इलाजही चुकतो.

म्हणून त्याच ठोकळ्यातून नवे काप काढून खास तपासण्या झाल्या. चेतापेशींची खूण असलेले सिनॅप्टोफायझिन उमटले. लिम्फोमाची खूण उमटली नाही. पेशींच्या पुंजक्यांभोवती एस-100 या खुणेच्या पेशींची कड दिसली. नाव ठरले: ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा. या दुर्मीळ गाठीचे पहिले वर्णन 1924 मध्ये फ्रान्समध्ये बर्जर आणि ल्यूक यांनी केले होते.

ती येते कुठून, हेही आम्ही विचारले. नाकाच्या छताशी वास ओळखणाऱ्या चेतापेशींचा पातळ पडदा असतो. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. या मात्र नव्याने तयार होत राहतात. पडद्याच्या तळाशी असलेल्या मूळ पेशी त्यांना जन्म देतात, आणि ही गाठही त्याच मूळ पेशींतून उगवते असे मानले जाते. अल्लाहने दिलेल्या या नेमतीची आठवण आम्हाला अशा वेळी झाली.

भाईजानांची शस्त्रक्रिया झाली, नंतर किरणोपचार झाले. वास गेला, पण अल्हम्दुलिल्लाह, ते आमच्यात आहेत. ही गाठ बऱ्याच वर्षांनीही उलटू शकते, म्हणून तपासण्या चालूच आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, एकाच नाकपुडीचा चोंदा आणि रक्त दिसले तर घरगुती उपायांवर दिवस काढू नका. तुकड्याचा रिपोर्ट अपुरा असेल तर पुढच्या तपासण्या होऊ द्या. मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घेऊन मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पुन्हा दाखवता येतात. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. ते काही दिवस फार जड जातात. दुआ करा, सब्र ठेवा, आणि आजाराचे नाव पक्के होऊ द्या.