काल काय खाल्लेस?

वकिलीच्या धंद्यात साक्षीदारांची तोंडे पाहता पाहता आमची अशी खात्री झाली आहे की, मनुष्य दहा वर्षांपूर्वीची मारामारी तपशीलवार सांगेल, पण काल दुपारी काय व किती खाल्ले हे बिनचूक सांगणार नाही. मुलांमधील स्थूलतेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांस नेमकी हीच साक्ष हवी असते. मुलामागे दिवसभर तराजू घेऊन फिरणे शक्य नसते. म्हणून ते त्याच्याकडून गेल्या चोवीस तासांची उजळणी करवितात, वाट्या व पेले दाखवून प्रमाण ठरवितात आणि मग कोष्टकांवरून उष्मांक काढतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे. परंतु जे तोंडातून बाहेर पडलेच नाही, त्याचे पृथक्करण कोण करणार?

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीस कामानिमित्त आमचे जाणे होते. गोंडी, मराठी आणि तेलुगु या तिन्ही भाषा तेथल्या बाजारात एकाच तराजूवर तोलल्या जातात. तेथे एका पक्षकाराच्या ओसरीवर त्याच्या आठ-नऊ वर्षांच्या नातवास आम्ही सहज विचारले, “बाळ, काल काय जेवलास?” आजीच मध्ये म्हणाली, “कुठला जेवतो, साहेब! अर्धी भाकर खाल्ली अन् उठला.” नातवाच्या खिशातून पाच-पाच रुपयांच्या रिकाम्या पुड्या डोकावत होत्या. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. आम्ही जेवणाविषयी विचारले होते, आणि पुडी म्हणजे काही जेवण नव्हे.

आपल्या भाषेत जेवण वेगळे, फराळ वेगळा, खाऊ वेगळा आणि प्रसाद तर सर्वांहून वेगळा. देवळात हातावर पडलेला शिरा कोणी ‘खाल्ला’ म्हणत नाही, तो ‘घेतला’ म्हणतात. जत्रेतले खाजें घरी आणून वाटले, तर त्याचाही हिशेब कोणी ठेवीत नाही. उपवासाच्या दिवशी तर ‘काही खाल्ले नाही’ हे उत्तर ठरलेलेच; ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी करून ठेवली आहे. म्हणून चांगला प्रश्नकर्ता एकदाच विचारून थांबत नाही. प्रथम तो मुलास मोकळेपणी बोलू देतो. नंतर विसरलेल्या गोष्टींकडे वळतो. मग वेळ व प्रसंग विचारतो, प्रमाण विचारतो आणि शेवटी सारे पुन्हा वाचून दाखवितो. आमच्या उलटतपासणीशी याचे साम्य आहे. भेद एवढाच की, येथे सूचक प्रश्नाला पूर्ण मज्जाव असतो.

मुलाची साक्ष केवळ वयामुळे बाद होत नाही. त्यास प्रश्न समजतो काय आणि समंजस उत्तर देता येते काय, एवढेच न्यायालय पाहते. हे तत्त्व १८७२ च्या कायद्यात होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. खरी अडचण समजुतीची नसून लज्जेची आहे. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरांनी आपले खाणे स्वतः लिहून ठेवले, आणि त्यांची शरीरे किती ऊर्जा खर्च करतात हे विशेष खूण केलेले पाणी पाजून स्वतंत्रपणे मोजले गेले. सडपातळ मुलांनी खर्चाच्या सुमारे ८१ टक्के खाणे नोंदविले. स्थूल मुलांनी केवळ ५९ टक्के. ज्याची साक्ष सर्वांत मोलाची, तोच सर्वांत अधिक लपवितो. ज्याला ताटावर बसल्या बसल्या टोमणे ऐकावे लागतात, त्याने लपवू नये तर काय करावे?

इंद्रवेल्लीत स्थूलतेची गोष्ट काढणे वरकरणी थट्टेचे वाटेल. परंतु २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांची २४ टक्के मुले कृश व ५ टक्के स्थूलतेकडे झुकलेली आढळली; दोन्ही संकटे एकाच देशात, कित्येकदा एकाच घरात. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आहार व त्यांची बाळे अभ्यासिली. ती बाळे वजनाने हलकी, स्नायूंनी बारीक, आणि तरीही चरबी राखून असलेली दिसली. म्हणजे काटक दिसणारे शरीरही निर्दोष ठरत नाही. ज्वारीची भाकर मागे सरून पुडी पुढे आली, तर त्याचे मोल असल्याच मुलास आधी द्यावे लागेल.

आकडा कागदावर कसा चढतो याचे महत्त्व इंद्रवेल्लीस सांगावयास नको. २० एप्रिल १९८१ च्या गोळीबारातील मृतांचा सरकारी आकडा १३ होता; लोकांच्या तोंडचा आकडा त्याहून पुष्कळ मोठा आहे. जे नोंदले जात नाही, त्याचा उपायही योजला जात नाही. पुडी नोंदली गेली नाही, तर उद्या कोणी विद्वान म्हणेल की हे मूल भाकरीनेच बिघडले.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच की, घरातील मुलास कोणी असा प्रश्न विचारील तेव्हा त्याच्या वतीने आपण उत्तर देऊ नये, डोळे वटारू नयेत आणि हसूही नये. त्यास खरे सांगता येईल इतके निर्भय आधी करावे. मोजमाप पुढची मंडळी करतील.