काळोखाची राखण

समुद्रकिनारी चार दिवस विसाव्यासाठी जाणाऱ्या शहरी कुटुंबांची संख्या जसजशी वाढली, तसतशी त्यांच्या उतरण्याची सोय करणाऱ्या जागांच्या नावापुढे ‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण जोडण्याची वहिवाटही पडली. आणि अलिबागेपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्याच्या पाटीवर एखादे हिरवे पान रंगविलेले नाही असे रिसॉर्ट आज शोधावेच लागेल. बांबूच्या भिंती, झावळ्यांचे छप्पर, प्लॅस्टिकऐवजी काचेची बाटली, एवढा सरंजाम जमला की मालकाचे समाधान होते आणि पाहुण्याचीही खातरजमा होते. या गोष्टी वाईट नव्हेत. परंतु समुद्रकाठच्या भूमीचे हिताहित ज्यांवर अवलंबून असते, त्या गोष्टी या सरंजामात सहसा नसतात. जमिनीखालचे गोडे पाणी ही त्यांपैकी एक. आणि जिच्याविषयी मला विशेष आस्थेने लिहावयाचे आहे ती दुसरी म्हणजे रात्रीचा काळोख.

पुळणीलगतच्या विहिरीचे गोडे पाणी खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते एक फूट चढलेले असेल, तर तिच्या खाली ते सुमारे ४० फूट खोल असते, असे भूजलशास्त्राचे गणित आहे. म्हणून अतिरिक्त उपशाने वरची पातळी फूटभर उतरली, की खालचे खारे पाणी कालांतराने त्याच प्रमाणात वर सरकू लागते. कोकणातल्या जुन्या घरांत हे गणित कोणी मांडलेले नव्हते. तरी रहाटाने जेवढे निघेल तेवढेच पाणी काढावयाचे आणि न्हाणीघरातून वाहिलेले मोरीवाटे अळवाला व तेथून नारळीच्या आळ्याला द्यावयाचे, हा तेथील नित्यक्रम होता. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पोहण्याचा तलाव बांधून, वाळूवर माती पसरून आणि तिच्यावर हिरवळ वाढवून जेव्हा अहोरात्र पंप चालविला जातो, तेव्हा शेजारच्या वाडीतली विहीर मचूळ होते. आणि त्या वाडीचा धनी रिसॉर्टच्या जमाखर्चात कोठेच नसतो.

काळोखाचे मोल मला कळले ते रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळास येथे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव बाणकोटच्या खाडीपासून जवळच, नारळी-पोफळींच्या सावलीत वसलेले आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये येथे ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांचे संरक्षण आरंभिले. त्यापूर्वी वाळूतली अंडी माणसे नेत, कुत्री आणि कोल्हे उकरीत. आता घरट्यातली शंभरेक अंडी काळजीपूर्वक काढून कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यांत पुरतात, आणि दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. ती पाहावयास येणाऱ्यांची व्यवस्था गावाने स्वतःच्या घरांत केली. ओटीवर गाद्या घातल्या, जेवणास कुळथाचे पिठले, भात आणि सोलकढी वाढली. पाहुणचाराचा पैसा कोणा परगावच्या भांडवलदाराकडे न जाता त्याच घरात राहिला.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या वहिनींनी रात्री किनाऱ्यावर निघताना माझ्या हातातली विजेरी पाहिली आणि म्हणाल्या, “बॅटरी कशाला हो? चांदणं आहे, तेवढं पुरतं.” त्या बोलण्यात नियम सांगण्याचा आव नव्हता, घरात पाळणा हलत असताना आल्यागेल्याला हळू बोलण्यास सांगावे, तितक्या सहजतेने त्यांनी ते सांगितले. सकाळी दोरीच्या अलीकडे उभे राहून आम्ही पिल्ले सोडताना पाहिली. तळहाताच्या निम्म्यावर मावेल एवढा करडा-काळा जीव. पुढचे पाय वल्ह्यांसारखे टाकीत तो वाळूतल्या माणसाच्या पावलाच्या ठशात उतरला, कडेवर चढताना दोनदा घसरला, पुन्हा चढला, आणि पहिल्या लाटेने त्याला उलटे मागे ढकलले तरी तोंड समुद्राकडेच वळवून उभा राहिला. रात्री वाळूतून वर येणारी पिल्ले जिकडचे क्षितिज अधिक उजळ, तिकडे चालू लागतात. लक्षावधी वर्षे ती उजळ बाजू समुद्राचीच होती. आता किनाऱ्यावरच्या दिव्यांनी ती बाजू जमिनीची होते, आणि पिल्ले सकाळपर्यंत रस्त्यावर, गटारात, उन्हात मरून पडतात. अंडी घालावयास येणारी मादीही उजेडाने बुजते.

या बाबतीत सरकारी तरतूद नाही असे नव्हे. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. १९९१ च्या फेब्रुवारीत त्यातून किनारी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना निघाली. आणि २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकाममुक्त पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. ही सवलत मला चिंताजनक वाटते, कारण त्या १५० मीटरांतच वाळूचे उंचवटे, त्यांना धरून ठेवणारी मर्यादवेल आणि केतकीची बेटे असतात. ती सपाट झाली म्हणजे खोलीतून समुद्र अधिक चांगला दिसतो हे खरे, परंतु समुद्रालाही खोलीकडे येण्याची वाट मोकळी होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आले, तेव्हा तेथील पिढीजात पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या.

कायद्याचा अंमल कसा होतो हे पाहणे सरकारचे काम. परंतु खोली ठरविताना न्हाणीघराचे पाणी कोठे जाते आणि समुद्राकडच्या बाजूचे दिवे रात्री किती वाजता मालवतात, एवढी विचारपूस तरी पाहुण्याने करावी, आणि उत्तर गुळमुळीत मिळाले तर दुसरे घर पाहावे. पावसाळा सरून समुद्र शांत झाला की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालावयास येतात. आणि दिवाळीची सुटी, नाताळ व ३१ डिसेंबरची रात्र याच महिन्यांत पडतात. रोषणाईचे खांब आणि आतषबाजीची दारू पुळणीवर उतरते ती नेमकी त्याच रात्रींना. निदान तेवढ्या रात्री तरी समुद्राकडचे दिवे बंद राहावेत, असा आग्रह पैसे मोजणाऱ्या पाहुण्याने धरला, तर तो मोडण्याची प्राज्ञा कोणाही मालकाला होणार नाही.