'फ्रँकेनस्टाइन' आणि जस्टिनचा खटला

मेरी शेलीची 'फ्रँकेनस्टाइन' ही कादंबरी १८१८ साली लंडनमध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. लेखन सुरू झाले ते १८१६च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी. लेखिका तेव्हा १८ वर्षांची होती. बी.ए.च्या वर्गात ही पार्श्वभूमी दहा मिनिटांत उरकते. सिनेमातला राक्षस मुलांना ठाऊक असतो, 'विज्ञान : शाप की वरदान' या थाटाचे उत्तर गाईडमध्ये तयार असते, आणि अणुबॉम्बचे नाव निघाले की विषय संपल्यासारखा वाटतो.

तास रखडतो तो जस्टिन मॉरिट्झपाशी. ही बाराव्या वर्षी फ्रँकेनस्टाइनांच्या घरी कामाला आलेली मुलगी. त्या घरातल्या व्हिक्टरने घडवून वाऱ्यावर सोडलेला जीव त्याच्या धाकट्या भावाचा गळा दाबतो आणि पोराच्या गळ्यातली आईची छोटी तसबीर झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत सरकवतो. तसबीर सापडते. ती आली कुठून, हे तिला सांगता येत नाही. धर्मगुरू नरकाची भीती घालून तिच्याकडून कबुली वदवतो. खुनी कोण, हे ओळखून असलेला व्हिक्टर न्यायालयात हजर असतो, पण आपल्या निर्मितीबद्दल अवाक्षर काढत नाही; लोक वेडा म्हणतील, ही धास्ती. वर हिशेब असा की, आरोपीपेक्षा आपलेच हाल जास्त, कारण तिला निर्दोषपणाचा आधार तरी आहे! हे वाक्य शांतपणे समजावून सांगणे कितव्याही वर्षी जमत नाही. जस्टिनचा जीव जातो.

प्रश्नपत्रिकेत मात्र प्रश्न व्हिक्टरच्या महत्त्वाकांक्षेवर किंवा राक्षसाच्या एकाकीपणावर. १९३१च्या चित्रपटात तर जस्टिन नाहीच. तिथे राक्षसाला गुन्हेगाराचा मेंदू बसवला आहे, म्हणजे दोष मेंदूवर ढकलून प्रयोग करणारा मोकळा. कादंबरीतला जीव मिल्टन, प्लुटार्क आणि गटे वाचतो.

"पण सर, तो बोलला असता तरी तिला सोडलं असतं का?" ही शंका वर्गातून येते, आणि शिकवणाऱ्याची चीड लंगडी पडते. कारण पुढे व्हिक्टर जिनिव्हाच्या न्यायाधिकाऱ्याला सगळी हकिगत सांगतो, तेव्हा तो ऐकून घेतो आणि शेवटी भ्रमच समजतो. धास्ती खोटी नव्हती तर. मात्र व्हिक्टर तोंड उघडतो ते स्वतःच्या नवपरिणीत पत्नीचा खून झाल्यावर. १८३१च्या सुधारित आवृत्तीत खटला आठव्या प्रकरणात आहे, ही भेट तेविसाव्यात. दोन्ही एकाच तासाला घ्यावीत, मधला भाग नंतर. पोर्शन मागे पडतो, हे खरे.